एका प्याद्याला जीवदान

सतराव्या वर्षी मी एक जिंकलेला डाव स्वतःच्या हातानं घालवला. उस्मानाबादच्या वाचनालयात, भर दुपारी, साठ-सत्तर माणसांच्या देखत. समोरच्याचं शेवटचं प्यादं माझ्या वजिराच्या तोंडात होतं आणि मी ते मारलं नाही. दिसलं नाही म्हणून नव्हे. चांगलं दिसत होतं, एकामागून एक आठ चाली दिसत होतं. मी त्याला जीवदान दिलं होतं. हा शब्द तेव्हा मनातल्या मनात वापरलाही होता, आणि आपल्याला काय सुंदर शब्द सुचला म्हणून खूषही झाले होते. आज ती मुलगी समोर उभी केली, तर तिच्या दोन्ही वेण्या धरून विचारीन, बाई गं, तू कोण लागून गेलीस जीवदान द्यायला?

मार्च लागला की ही मुलगी मला भेटायला येते. मी बोलवत नाही, तरी येते. आमच्या गॅलरीसमोरच्या शाळेत दहावीचं केंद्र असतं. गेटबाहेर आया दह्याच्या वाट्या घेऊन उभ्या असतात, बाप कडुनिंबाच्या सावलीत मोटारसायकलवर बसून घामाघूम होतात, आणि आत पोरं काय लिहितात ते देवाला आणि तपासणाऱ्याला ठाऊक. निंबाला मोहोर आलेला असतो. तो कडसर गोड वास, तापलेली धूळ, रस्त्यानं कडबा भरून चाललेल्या गाडीचा कोरडा वास, हे तिन्ही एकत्र आले की माझ्या बोटांना लाकडी प्यादं लागतं. पूर्वी कडबा बैलगाडीतून जायचा, आता ट्रॅक्टरमधून जातो. बसवरच्या पाट्यांवर उस्मानाबादचं धाराशिव झालं. माझे दात गेले. उन्हाळा मात्र जसा होता तसा.

यंदा नात घरी आहे, मुक्ता. परवा पेपर आणि हिच्या हातात फोन. म्हटलं, "काय वाचतेस गं?" तर म्हणाली, "आजी, पाच मिनिटं, एक गेम." डोकावले तर बुद्धिबळ. समोरचा खेळाडू म्हणे कुठल्या तरी परदेशातला, नाव नाही, तोंड नाही. हिचं प्यादं सरकत सरकत शेवटच्या घरात पोचलं आणि टप्पकन त्याचा वजीर झाला. मी एवढ्यानं ओरडले, की हिच्या हातून फोन पडायचा राहिला.

"घोड्याच्या घरात वजीर!"

"मग काय होणार, आजी?"

"काही नाही. अभ्यास कर."

काही नाही कसलं. साठ वर्षं झाली, अजून ते दिसलं की कानशिलं तापतात.

मला बुद्धिबळ शिकवलं येरमाळ्याच्या आत्याबाईनं, माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. लहानपणीच नवरा गेलेली, जिभेनं तिखट. शेत स्वतः बघायची आणि दुपारी भाकरी खाऊन झाली की कापडी पट अंथरायची. पटाला हळदीचे डाग, मोहरे लाकडाचे, एका उंटाची मान तुटलेली. हरलं की ती पाठीत धपाटा घालायची, आणि जिंकलं तरी, जिंकणं तिच्या पसंतीचं नसेल तर, घालायचीच. तिच्या लेखी जिंकण्याच्या जाती होत्या. "वजिरानं मात काय कुणीबी करतंय," ती म्हणायची. "त्येला काय अक्कल लागती? प्याद्यानं केली तर मात!" समोरच्याचं राजाखेरीज सगळं सैन्य मारून टाकलं, तर आमच्यात डावाची बुर्जी व्हायची, म्हणजे डाव अर्धा, कुणीच जिंकलं नाही. त्यामुळं समोरच्याचं एक तरी प्यादं राखून ठेवायचं, त्याला धक्का लावायचा नाही, आणि आपल्या प्याद्यानं त्याच्या राजाला कोपऱ्यात घेरायचं, ही तिची खानदानी पद्धत. राखलेलं प्यादं चालत पलीकडं पोचलं तरी भ्यायचं कारण नव्हतं. ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा ते व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा.

सुट्ट्यांमध्ये तिच्याकडं राहून हे मी घोटलं, आणि पृथ्वीवर बुद्धिबळ असंच खेळतात असं समजले. येरमाळ्यात मला हरवणारं कुणी उरलं नाही, असं मी सांगत फिरायचे. येरमाळ्यात खेळणारी माणसं मोजून चार होती, हे सांगत नव्हते.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. निजामाचं राज्य जाऊन बराच काळ लोटला होता, तरी कचेरीतली जुनी माणसं अजून अर्ज उर्दूत विचार करून मराठीत लिहायची. त्या मार्चमध्ये मी मॅट्रिकची परीक्षा दिली आणि वाचनालयानं बुद्धिबळाची स्पर्धा काढली. हा खेळ विलायती नियमांनी होणार होता. शाईनं लिहिलेला मोठा कागद खळ लावून पुस्तकांच्या कपाटावर डकवला होता, चौदा की पंधरा कलमं. मी त्या कपाटासमोरून निदान वीस वेळा गेले. कागदाच्या काचेत, म्हणजे कपाटाच्या काचेत, माझा भांग सरळ दिसतो का ते पाहिलं. कागद वाचला नाही. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं चालतं आणि राजा हत्तीच्या आड लपतो, एवढं मला दादांनी तोंडी सांगितलं होतं. दादा म्हणजे माझे वडील, वकील, आणि वाचनालयाच्या समितीवरही. मुलीला स्पर्धेत घेतलं ते माझ्या खेळाकडं पाहून नव्हे, त्यांच्याकडं पाहून. हे सगळ्या गावाला माहीत होतं, मला सोडून.

पहिला डाव मी कचेरीतल्या एका कारकुनाशी जिंकले. तो दर तीन चालींनी पेंगायचा. दुसरा एका कंपाउंडरशी. मुलीसमोर बसायचं म्हणून तो इतका लाजला, की पूर्ण डावभर स्वतःच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडं पाहत खेळला आणि दहाव्या चालीला वजीर फुकट देऊन बसला. एक झोपलेला आणि एक लाजलेला असे दोन गडी मारून मी फायनलला पोचले. घरी येताना माझी चाल अशी होती, की वाटेतल्या म्हशींनी बाजूला व्हावं.

जेवताना दादा म्हणाले, "फायनल जिंकलीस तर औरंगाबादला जायचं. पुढची स्पर्धा तिथं आहे. मामाकडं उतरू, आणि गेल्यासरशी कॉलेजात तुझं नावही घालून येऊ."

"आणि हरले तर?"

"हरलीस तर परांड्याच्या मंडळींना मी आणखी किती दिवस थोपवू? मुलगा चांगला आहे. मला तरी वेगळं कारण सांगता येणार नाही."

असं लिहिलं की वाचणाऱ्याला माझी दया येते. येऊ देऊ नका. माझ्यावर कुणी जुलूम करत नव्हतं. बापानं दार उघडून धरलं होतं, मला फक्त उंबरा ओलांडायचा होता. कॉलेज मला खरोखर हवं होतं, पोटातून हवं होतं. भूगोलाच्या बाई औरंगाबादला शिकलेल्या होत्या आणि नकाशावर छडी टेकवून त्या बोलायला लागल्या की मला वाटायचं, मीही एक दिवस अशी उभी राहीन. पण एवढं हवं असलेलं माणूस काय करतं? सराव करतं. मी आरशासमोर उभी राहून औरंगाबादला कुठल्या साड्या न्यायच्या ते ठरवलं. आणि फायनलसाठी नवं पोलकं शिवायला टाकलं.

पोलकं टाकलं खाजामियाँ टेलरकडं. फायनलमध्ये माझ्यासमोर बसणार होते तेही खाजामियाँच. पन्नाशीचे, दाढीत मेंदी, गळ्यात फीत. आमच्या घरातले सगळे कपडे तेच शिवायचे. टेलर फायनलला कसा आला, याचं मला हसू येत होतं. तिकडं कारकून, इकडं कंपाउंडर, आणि शेवटी टेलर! मला जणू दिवाणजींचीच वाट होती. मापाचं जुनं पोलकं त्यांच्या फळीवर ठेवलं आणि म्हटलं, "शनिवारी पाहिजे, खाजामियाँ. तुमच्यासमोरच घालून बसायचंय."

"मिळंल की, ताईसाब," ते म्हणाले आणि मापांची वही उघडली. छाती, बाही, उंची, सगळं उर्दूत. माझ्या मापाच्या अलीकडच्या पानावर ओळीच्या ओळी लिहिलेल्या होत्या.

"एवढं मोठं माप कुणाचं?"

ते हसले. "माप न्हाय. खेळाचे कायदे हैत. आपल्याला मराठी वाचाया येत न्हाय. ग्रंथपाल सायबाकडनं तीनदा वाचून घेतलं आन लिहून काढलं. ताईसाब, तुम्ही वाचला असाल की तो कागद?"

"मला काय करायचाय वाचून? मी लहानपणापासनं खेळते."

"कायदा बदललाय बरं का बराच."

"बदलू द्या. बाहीला चुण्या घाला."

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आता लिहून टाकते. मॅट्रिकला मराठीत पहिली येण्याची उमेद धरणारी मुलगी मराठीतला एक कागद वाचत नव्हती. आणि ज्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, त्या माणसाला तो पाठ होता. चुण्या मात्र त्यांनी फार सुरेख घातल्या होत्या.

शनिवारी दुपारी एक वाजता डाव मांडला. खिडक्यांना ओल्या गोणपाटाचे पडदे लावले होते. त्यांचा कुबट वास, जमलेल्यांच्या तंबाखूचा वास आणि माझ्या वेणीतल्या मोगऱ्याचा. पंच होते शाळेचे हेडमास्तर. त्यांनी चष्मा लावून सगळी कलमं मोठ्यानं वाचून दाखवली. तेव्हा मी काय करत होते? मागं वळून बायकांच्या बाकावर कोण कोण आलंय ते मोजत होते. अकरा जणी होत्या. ती संख्या अजून लक्षात आहे. कलम एकही नाही.

खेळ सुरुवातीला खाजामियाँचा चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. पण मध्येच त्यांनी एक चूक केली, आपला हत्ती उघडा सोडला, आणि मी तो घेतला. तिथून त्यांचं एकेक करून सगळं गेलं. वजिराच्या बदल्यात वजीर जाईल अशी चाल त्यांनी केली, ती मी हाणून पाडली. तो वजीरही पुढं फुकट गेला. मी चांगलीच खेळत होते, खोटं कशाला बोलू? तोपर्यंतच्या खेळाबद्दल मला स्वतःला शिव्या देता येत नाहीत, एवढीच या सगळ्यात अडचण. तीनच्या सुमाराला त्यांच्याकडं राजा आणि घोड्याच्या पट्टीतलं एक प्यादं उरलं. माझ्याकडं वजीर, हत्ती आणि दोन प्यादी. पंचांनी घड्याळ पाहिलं आणि बक्षिसाच्या करंडकावरची धूळ रुमालानं पुसली. आडत दुकानवाले लिंगाप्पाशेठ मागून म्हणाले, "झालं की वो वकीलसाहेब. पोरीनं डाव मारला." दादांनी खिशातून पानाचा डबा काढला, आनंद झाला की ते तसं करायचे.

वजीर आणि हत्तीनं चार चालींत मात होती. पेंगणाऱ्या कारकुनालाही दिसली असती. मी वजीर उचलला, मग परत ठेवला.

"वजिरानं काय करायची मात," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "प्याद्यानं करते."

लोक हसले. लिंगाप्पाशेठनं मांडीवर थाप मारली. बायकांच्या बाकावरून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. हसली नाहीत दोनच माणसं. एक दादा. त्यांचा पानाचा डबा उघडा तसाच राहिला. आणि दुसरे खाजामियाँ. त्यांनी गळ्यातली फीत काढून घडी केली, खिशात ठेवली आणि आपलं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

मग सुरू झाला माझा खानदानी खेळ. त्यांचं प्यादं मारायचं नाही, मारलं तर बुर्जी. त्यांच्या राजाला कोपऱ्याकडं न्यायचं. आपलं प्यादं पुढं आणायचं. राजाला शह देऊन मी इकडं ढकलावं, तिकडं ढकलावं, शह नसला की त्यांनी प्यादं एक घर पुढं टाकावं. मी प्रत्येक चालीनंतर मान वर करून बाकांकडं पाहत होते. काय थाट! चिमणीला दोरा बांधून उडवणारं पोर असतं ना, त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तोच माझ्या चेहऱ्यावर असणार. हेडमास्तरांनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडं रोखून पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

माझं प्यादं मात देण्याच्या घरापासून दोन चाली लांब होतं, तेव्हा त्यांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. घोड्याच्या घरात. मी मनात म्हटलं, झाला घोडा. खाजामियाँनी प्यादं उचललं, बाजूला पडलेल्या मेलेल्या मोहऱ्यांतून आपला वजीर शोधला, बाहीनं पुसला आणि त्या घरात उभा केला.

"शह," ते म्हणाले.

मी हसले. खरंच हसले. "खाजामियाँ, घोड्याच्या घरात वजीर कसा? घोडा ठेवा."

मग हेडमास्तर म्हणाले, "कलम नववं. प्यादं कुठल्याही शेवटच्या घरात पोचलं, तर खेळणाऱ्याला हवा तो मोहरा घेता येतो. मी वाचून दाखवलं होतं."

"पण आमच्यात..."

"तुमच्यात असेल. इथं कागदावर आहे ते."

शह माझ्या राजाला होता, आणि राजाच्या मागं, त्याच सरळ रेषेत, माझा वजीर उभा. राजा हलवावाच लागला. वजीर गेला. ते लाकूड पटावरून उचललं जाताना जो आवाज झाला, तो काही फार मोठा नव्हता. पुढचं मला नीट आठवत नाही. हत्ती गेला, माझं लाडकं प्यादं गेलं. साडेचारला माझा राजा, ज्या कोपऱ्यात मी त्यांच्या राजाला नेणार होते, त्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात सापडला. मात वजिरानं झाली. कुणीबी करतंय तशी.

आठवणींना गूळ लावणारी माणसं असतात. ती म्हणतील, हरण्यानं केवढं शिकवलं. मला काही शिकवलं नाही. त्या वैशाखात माझं लग्न झालं, परांड्याला. नवरा खरोखरच चांगला निघाला, त्याला बुद्धिबळ येत नव्हतं आणि मी कधी शिकवलं नाही. दोन मुलं झाल्यावर घरी अभ्यास करून परीक्षा दिल्या, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर छडी टेकवून. भूगोलाच्या बाईंसारखीच उभी राहिले, पण तेरा वर्षं उशिरा, आणि औरंगाबादचं कॉलेज पाहिलं ते मुलाला तिथं पोचवायला गेले तेव्हा, फाटकाबाहेरून. यात नशिबाचा काही संबंध नाही. नशीब तीन वाजता माझ्याकडं होतं आणि मी त्याला म्हटलं, थांब जरा, लोक बघतायत.

आत्याबाईला कळलं, तेव्हा ती परांड्याला आली, माझ्या चुलीपाशी तासभर बसली. जाताना म्हणाली, "म्या शिकवलं ते येरमाळ्यापुरतं व्हतं. पुढचं तू बघायचं व्हतंस." तिनं कापडी पट घडी घालून ठेवला तो पुन्हा उघडला नाही, असं मला नंतर कळलं. तिच्या त्या रुसण्यावर मी बरीच वर्षं चिडून होते. आता तिच्या वयाची झाले, तर चिडावं असं काही सापडत नाही.

एक राहिलं. करंडक देऊन झाला, टाळ्या झाल्या, दादा सायकल काढायला गेले. अंगणात पाण्याचा रांजण होता. खाजामियाँ उकिडवे बसून ओंजळीनं पाणी पीत होते, करंडक शेजारी जमिनीवर ठेवलेला. मी निमूट निघून जायला हवं होतं. पण माझं अजून संपलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, चुण्यांच्या बाह्या सारख्या करत.

"खाजामियाँ, तुम्हाला माहितीय ना, ते प्यादं मी केव्हाही मारू शकले असते? तुमच्यावर दया केली म्हणून तुम्ही जिंकलात."

त्यांनी दाढीवरचं पाणी पुसलं. रागावले नव्हते. थकलेले दिसत होते. माझ्याकडं न बघता, कपड्याचं माप सांगावं इतक्या शांतपणे म्हणाले:

"दया असती ताईसाब, तर तीन वाजताच वजिरानं मात करून मला घरी लावून दिलं असतं. तुम्हाला मला हरवायचं न्हवतं, चार लोकांत लाजवायचं व्हतं. लाजवायला लई येळ लागतो. तेवढ्या येळात माझं प्यादं पोचलं."